सीएस ३२०४ बी-२: टाकीचे सीलंट चांगले, पण डब्याचे झाकण उघडण्याआधी वजनकाटा तपासा

घरी बांधलेल्या अ‍ॅल्युमिनियम विमानाच्या पंखातल्या इंधनाच्या टाकीसाठी हे दोन भागांचे पॉलिसल्फाइड सीलंट, म्हणजे सांधे गळू नयेत म्हणून लावायचा लेप. पांढरा बेस, काळा हार्डनर, प्रमाण वजनाने 10 ला 1. पेट्रोलमध्ये वर्षानुवर्षे भिजूनही ते रबरासारखे लवचीक राहते, त्यामुळे पंखाच्या हालचालीने तडकत नाही.

नावातला ‘बी’ म्हणजे घट्ट, उभ्या पत्र्यावरून न ओघळणारे. ‘2’ म्हणजे 25 अंशांना साधारण दोन तास काम करता येते. उन्हाळ्यात हा वेळ झपाट्याने घटतो. म्हणून एका वेळी एकाच रिबपुरते (रिब म्हणजे पंखाच्या आतली फासळी), 30 ग्रॅम बेसला 3 ग्रॅम हार्डनर एवढेच कालवा. इथे स्वयंपाकघरातला काटा घात करतो: 3 ग्रॅममध्ये 1 ग्रॅमची चूक म्हणजे एक तृतीयांश हार्डनर कमी-जास्त. 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा हवाच. हार्डनर तळाशी बसतो, तोही आधी ढवळून घ्या. एकसारखा राखाडी रंग येईपर्यंत घोटा. पांढरी रेघ राहिली तर तेवढा भाग चिकटच राहील.

गळतीचे खापर बहुतेक वेळा सीलंटवर फुटते, दोष मात्र पत्र्याच्या तयारीत असतो. जोडाची जागा लाल स्कॉच-ब्राइटने खरवडा, एमईकेने (मिथाइल इथाइल कीटोन या द्रावकाने) पुसा आणि ते उडून जायच्या आत कोऱ्या फडक्याने कोरडे करा. आपोआप सुकू दिले तर तेलकटपणा तिथेच परत बसतो. नंतर उघड्या बोटाने हात लावायचा नाही. (आणि एमईकेला वारा हवा, ठिणगी नको.)

रिव्हेट सीलंट ओले असतानाच ठोका. अर्धवट घट्ट झालेल्या थरावर रिव्हेटचे डोके उंच राहते, पत्रे पूर्ण मिळत नाहीत. आतून रिव्हेटच्या प्रत्येक शेपटीवर (ठोकलेल्या टोकावर) सीलंटची टोपी आणि रिबच्या कडेला फिलेट, म्हणजे सांध्यात भरलेली सीलंटची पट्टी, द्या; कोपऱ्यात दोनदा. पक्के व्हायला 25 अंशांना सुमारे 72 तास लागतात.

गळती शोधायची हवेची चाचणी 1 पीएसआय (दर चौरस इंचाला एक पौंड) दाबापर्यंतच, म्हणजे पारदर्शक नळीत सुमारे 70 सेंटीमीटर पाणी. कंप्रेसर थेट जोडाल तर टाकी फुगेल. पाण्याची पातळी उतरली म्हणून घाबरू नका: टाकीतली हवा 1 अंशाने गार झाली तरी ती सुमारे साडेतीन सेंटीमीटर उतरते. सांध्यावर लावलेल्या साबणाचा फेस खरा साक्षीदार.

डबा की काडतूस (दोन्ही भाग मोजून भरलेली नळी)? काडतुसात माप तयार मिळते, पण एकदा मिसळले की सगळे वापरावे लागते. दोन्ही टाक्या बांधणाऱ्याला डबाच परवडतो. छोट्या दुरुस्तीला काडतूस. मुदतीची तारीख मात्र घेतानाच पाहा.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो सफाईच्या त्रासापायी: हे कपड्यावर वाळले की कपडा टाकूनच द्यायचा.