प्रोस्टेटची बायोप्सी दोन्ही मार्गांनी : काही महिन्यांनंतरचा अनुभव

माझ्या प्रोस्टेटची (पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीची) बायोप्सी, म्हणजे सुईने बारीक तुकडे काढून करायची तपासणी, दोनदा झाली. पहिली ठाण्यातील एका रुग्णालयात, गुदाशयाच्या मार्गाने आणि एमआरआय न करता झाली. दुसरी पुढे नवी मुंबईत, आधी एमआरआय करून आणि वृषणकोश व गुदद्वार यांच्यामधील त्वचेतून, म्हणजे ज्याला डॉक्टर ट्रान्सपेरिनिअल म्हणतात त्या मार्गाने झाली. दुसऱ्या बायोप्सीत कर्करोगाचे निदान झाले, त्यानंतर शस्त्रक्रियाही झाली आणि आता काही महिने उलटल्यावर दोन्ही पद्धतींची तुलना थोड्या शांतपणे करता येईल असे वाटते. माझे मत आधीच सांगतो : सुई कोणत्या मार्गाने जाते यापेक्षा ती कुठे टोचायची हे आधी ठरलेले असणे अधिक महत्त्वाचे आहे, आणि मार्गाचा प्रश्न मुख्यतः जंतुसंसर्गाच्या दृष्टीने पाहावा.

पहिल्या वेळी माझा पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाचा आकडा, सहाच्या थोडा वर होता. युरोलॉजिस्टने बोटाने तपासणी केली, काही कठीण लागले नाही, तरी बायोप्सी करून घ्यावी असे ठरले. ही पद्धत जुनी आणि रुळलेली आहे. गुदाशयात सोनोग्राफीचा प्रोब सरकवून, ग्रंथी पडद्यावर पाहत, ठरावीक जागांवरून साधारणपणे बारा तुकडे घेतले जातात. सोनोग्राफीत ग्रंथीचा आकार दिसतो, पण गाठ बहुतेक वेळा स्पष्ट दिसत नाही. म्हणून सर्व भागांतून थोडे थोडे घ्यायचे आणि असेल तर सापडेल, असा त्यामागचा हिशेब. बहुसंख्य कर्करोग ग्रंथीच्या मागच्या-बाहेरच्या पट्ट्यात होतात आणि गुदाशयाला तोच भाग लागून असतो, त्यामुळे हा हिशेब अगदीच आंधळा नाही. मात्र ग्रंथीचा पुढचा भाग या मार्गाने सर्वांत लांब पडतो, आणि माझी गाठ नेमकी तिथेच होती.

प्रत्यक्ष प्रक्रियेविषयी फारसे भय बाळगण्याचे कारण नाही. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात, झायलोकेनची जेली लावतात, ग्रंथीच्या बाजूला भुलीचे इंजेक्शन देतात. ‘काका, आता खट्ट आवाज येईल, हलायचं नाही,’ असे तंत्रज्ञ दर वेळी सांगत होता. त्या स्प्रिंगच्या बंदुकीचा आवाज दुखण्यापेक्षा जास्त दचकवतो. तुकडा म्हणजे शेवयाच्या धाग्याएवढा पांढुरका तंतू. तो फॉर्मॅलिनच्या छोट्या बाटलीत टाकून वर जागेचे नाव लिहिले जाते. हे नाव लिहिणे किती मोलाचे असते ते पुढे कळते, कारण सगळे तुकडे एकाच बाटलीत गेले तर रोग ग्रंथीच्या कोणत्या भागात आहे हे अहवालातून सांगता येत नाही.

अहवाल निर्दोष आला. त्याआधीच मात्र मला हुडहुडी भरून ताप आला आणि शिरेतून अँटिबायोटिक देण्यासाठी दाखल व्हावे लागले. लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय हा आतड्यातील जंतू आढळला, आणि प्रतिबंध म्हणून मला दिलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकला तो दाद देत नव्हता. यात कोणाचा हलगर्जीपणा होता असे मी म्हणणार नाही. सुई गुदाशयाच्या भिंतीतून जाते, तिथले जंतू ग्रंथीत आणि रक्तात जाऊ शकतात, आणि आपल्याकडे साध्या तक्रारींवरही ही औषधे इतकी घेतली गेली आहेत की आतड्यातील जंतू त्यांना सरावलेले असतात. याच कारणाने गुदाशय आधी पोव्हिडोन आयोडिनने स्वच्छ करणे किंवा आधी गुदद्वारातून काडीने घेतलेला नमुना (स्वॅब) तपासून त्यानुसार औषध निवडणे असे उपाय केले जातात. गुदाशयाच्या मार्गानेच बायोप्सी व्हायची असेल तर यांपैकी काय करणार आहात, हे डॉक्टरांना आधी विचारावे.

पुढे पीएसए चढतच राहिला. तो नऊच्या पुढे गेला तेव्हा दुसऱ्या युरोलॉजिस्टने सुईचा विषय बाजूला ठेवून प्रथम ३ टेस्ला चुंबकशक्तीच्या यंत्रावर मल्टिपॅरामेट्रिक, म्हणजे अनेक प्रकारची चित्रे एकत्र घेणारा, एमआरआय करायला सांगितला. त्यात पुढच्या भागात पाय-रॅड्स ४ असा डाग दिसला. पाय-रॅड्स हा एक ते पाच असा संशयाचा क्रम आहे. चार म्हणजे लक्षणीय (उपचारांची गरज पडू शकेल असा) कर्करोग असण्याची शक्यता बरीच, खात्री नव्हे. हा फरक घरच्यांना समजावताना माझी दमछाक झाली.

एमआरआय आधी का, याचे उत्तर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील प्रॉमिस अभ्यासात मिळते. त्यात ५७६ पुरुषांचा एमआरआयही झाला, गुदाशयातून नेहमीची बायोप्सीही झाली आणि पडताळा म्हणून ग्रंथीची दर पाच मिलिमीटरवर तुकडे घेणारी सविस्तर बायोप्सीही झाली. लक्षणीय कर्करोगांपैकी एमआरआयने ९३ टक्के पकडले, तर नेहमीच्या बायोप्सीने ४८ टक्के. म्हणजे लक्षणीय कर्करोग असला तरी माझ्या पहिल्यासारख्या बायोप्सीत तो सापडणे जवळपास नाणेफेकीसारखे होते. दुसरी बाजूही सांगायला हवी : ज्यांना तसा कर्करोग नव्हता त्यांच्यापैकी केवळ ४१ टक्के जणांचाच एमआरआय निर्धोक आला, म्हणून डाग दिसला तरी तुकडा तपासल्याशिवाय निदान होत नाही. पुढच्या वर्षीच्या प्रिसिजन अभ्यासात ५०० पुरुषांपैकी एमआरआयच्या गटात ३८ टक्के जणांत लक्षणीय कर्करोग सापडला, नेहमीच्या गटात २६ टक्के. आणि उपचारांची गरज सहसा न पडणारा सौम्य कर्करोग अनुक्रमे ९ आणि २२ टक्के. मला ही दुसरी जोडी अधिक बोलकी वाटते, कारण निरुपद्रवी रोगाचे निदान झाल्यावर माणसाच्या आयुष्यात जी धावपळ सुरू होते तिचा हिशेब कोणी मांडत नाही.

दुसरी बायोप्सी ऑपरेशन थिएटरमध्ये, हलकी भूल देऊन झाली. भूल देण्यापूर्वी मला पडदा दाखवला होता : एमआरआयवर रेडिओलॉजिस्टने आखलेली डागाची रेघ सोनोग्राफीच्या चालू चित्रावर बसवलेली होती. याला फ्यूजन म्हणतात. याचे दर ऐकून जे दचकतील त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. एमआरआय पाहून, डोळ्यांनी जागेचा अंदाज घेऊन सुई टोचण्याची पद्धतही आहे, आणि नेदरलँड्समधील तुलनात्मक अभ्यासात ती, फ्यूजन आणि थेट एमआरआय यंत्रात केलेली बायोप्सी यांत लक्षणीय कर्करोग सापडण्याच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. डाग मोठा असेल आणि डॉक्टरांचा हात बसलेला असेल तर केवळ सॉफ्टवेअरसाठी रुग्णालय बदलू नये. त्याउलट, प्रोस्टेटचे एमआरआय रोज वाचणारा रेडिओलॉजिस्ट मात्र शोधावा, त्यासाठी ठाण्याहून नवी मुंबईला किंवा उलट जावे लागले तरी.

माझ्या डागातून आणि शिवाय उरलेल्या ग्रंथीतूनही नेहमीप्रमाणे तुकडे घेतले. ‘डाग दिसतो आहे तर बाकीचे कशाला?’ असा प्रश्न मी विचारला होता. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, दोन हजारांहून अधिक पुरुषांच्या अमेरिकी अभ्यासाकडे डॉक्टरांनी बोट दाखवले. ज्यांची पुढे शस्त्रक्रिया झाली त्यांच्यात, काढलेल्या ग्रंथीत रोग बायोप्सीपेक्षा बराच वरच्या श्रेणीचा, म्हणजे अधिक आक्रमक, निघण्याचे प्रमाण फक्त नेहमीच्या बायोप्सीनंतर १६.८ टक्के, फक्त डागातल्या बायोप्सीनंतर ८.७ टक्के, आणि दोन्ही एकत्र केल्यावर ३.५ टक्के होते. माझ्या बाबतीत डागातल्या तुकड्यांत ही श्रेणी सांगणारा ग्लीसन आकडा ३ अधिक ४ बरोबर ७ आला, बाकीचे तुकडे स्वच्छ होते, आणि शस्त्रक्रियेनंतर संपूर्ण ग्रंथीच्या अहवालातही श्रेणी तीच राहिली. बायोप्सीची खरी परीक्षा ही अशी उशिरा होते, म्हणून हा अनुभव लगेच न लिहिता आता लिहितो आहे.

या खेपेला ताप आला नाही. एका माणसाच्या अनुभवावरून निष्कर्ष काढू नये. पण अमेरिकेतील प्रिव्हेंट अभ्यासात ६५८ पुरुषांपैकी त्वचेच्या मार्गाने, तीही अँटिबायोटिकशिवाय, बायोप्सी झालेल्यांत एकालाही संसर्ग झाला नाही, तर गुदाशयाच्या गटात स्वॅबनुसार औषध देऊनही १.४ टक्के जणांना झाला. तिथल्याच दुसऱ्या एका अभ्यासात मात्र दोन्ही मार्गांत फरक दिसला नाही. युरोपातील युरोलॉजी संघटना त्वचेच्या मार्गाला प्राधान्य देते, आणि आपल्याकडील जंतूंची अवस्था पाहता मीही तेच म्हणेन.

त्रास या मार्गालाही आहे. केवळ जागेवरची भूल देऊन केल्यास ही बायोप्सी गुदाशयाच्या मार्गापेक्षा थोडी अधिक दुखते, असे अभ्यासांत आढळले आहे. माझ्या बाबतीत टोचलेली जागा काळीनिळी पडली आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरून रिक्षातून घरी येताना प्रत्येक खड्डा वेगळा ओळखता आला. ज्यांना शक्य असेल त्यांनी गाडी आणि बसायला मऊ उशी यांची सोय करावी. सूज येऊन लघवी अडण्याची शक्यता असते, म्हणून मोकळी लघवी झाल्याशिवाय घरी सोडत नाहीत. लघवीतले रक्त थोड्याच दिवसांत थांबले, वीर्यातला तपकिरी रंग मात्र काही आठवडे टिकला. तो टिकतो हे दोन्ही वेळा कोणी आपणहून सांगितले नाही, आणि या वयाचे पुरुष संकोचापोटी विचारत नाहीत.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या परस्पर बंद करू नयेत. हृदयरोगतज्ज्ञ आणि युरोलॉजिस्ट यांनी मिळून ते ठरवावे. एमआरआय सुईच्या आधीच व्हावा, कारण बायोप्सीनंतर ग्रंथीत साकळलेले रक्त काही आठवडे चित्र बिघडवते. पीएसएही तेवढा काळ वाढलेलाच राहतो. अहवालाबरोबर स्लाइड (तुकड्यांचे पातळ काप बसवलेल्या काचपट्ट्या) आणि तुकडे जतन केलेले मेणाचे ब्लॉक कुठे ठेवले आहेत याची नोंद करून घ्यावी. दुसरे मत घेण्यासाठी परळच्या टाटा रुग्णालयात गेल्यास तिथे छापील अहवालावर भागत नाही, मूळ स्लाइड आणि ब्लॉक पुन्हा तपासले जातात, आणि ते बायोप्सी जिथे झाली त्या प्रयोगशाळेतून अर्ज करून स्वतःच आणावे लागतात.