ग्राम स्टेनचं (जिवाणू रंगवून जांभळे की गुलाबी, असे दोन गट ओळखायची चाचणी) रेडीमेड किट, ३ महिने वापरून झालं
लॅबमध्ये हे ४ बाटल्यांचं किट वापरतोय, कंपनीचं नाव नाही सांगत. क्रिस्टल व्हायोलेट (जांभळा रंग) आणि तो पक्का करणारं आयोडीन मस्त, स्टॅफ (जांभळ्या गटातला जिवाणू) एकदम गडद जांभळा, द्राक्षाच्या घडासारखा दिसतो. पण डीकलरायझर (रंग धुऊन काढणारं द्रावण) भलताच कडक, नेहमीसारखं १० सेकंद ठेवलं तर कंट्रोल स्लाइडवरचा (कोणता जिवाणू आहे ते आधीच माहीत असलेली, तपासणीची स्लाइड) स्टॅफसुद्धा गुलाबी, म्हणजे रिपोर्ट पार उलटाच की! आता ३-४ सेकंदांतच पाण्याखाली धरतो, मग ठीक येतं. सॅफ्रानिन (शेवटचा गुलाबी रंग) जरा फिकं आहे, ई. कोलाय (गुलाबी गटातला जिवाणू) बघायला डोळे ताणावे लागतात, थोडं जास्त वेळ ठेवा. आणि हो, व्हायोलेट गाळूनच घ्या, तळाशी कण बसतात ते स्लाइडवर थेट कॉकायसारखे (गोल जिवाणूंसारखे) दिसतात, मी एकदा फसलोय. नोजल मात्र भारी, बोटं जांभळी होत नाहीत.