टोकदार कंसात आठ महिने: मेलमधल्या लांब लिंकांचा वापरानंतरचा अनुभव

पंप चुकीचा आला आणि चूक माझी नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण घरात ती अजूनही माझ्याच नावावर आहे.

मामांच्या वॉशिंग मशीनचा पाणी बाहेर टाकणारा पंप गेला होता. सुट्या भागांच्या साइटवर तासभर डोळे फोडून मी नेमका पंप शोधला आणि लिंक मेल केली. मामांनी ती दाबली, पान उघडलं, पानावर पंपच होता, त्यांनी मागवला. आला तो भलत्याच मशीनचा. पाकीट फोडलेलं, त्यामुळे परत घेणार नाहीत.

"मामा, तुम्ही दुसरंच काहीतरी निवडलंत."

"अरे, तू पाठवलेलीच लिंक दाबली मी. निवडायला मला काय कळतंय त्यातलं!"

त्यांनी तो मेल मला परत पाठवला तेव्हा उलगडा झाला. लिंक दोन ओळींत तुटली होती. वरचा तुकडा निळा, खालचा काळा. पंपाचा क्रमांक सात आकडी. पाच आकडे वर राहिले, दोन खाली पडले. आणि त्या पाच आकड्यांचाही एक जुना पंप त्याच साइटवर होता. लिंक तुटून 'पान सापडत नाही' असं आलं असतं तर मामांनी फोन केला असता आणि विषय संपला असता. अर्धी लिंक बरोबर चालते तेव्हा खरा घात होतो.

माझा मेल प्रोग्रॅम साधा, निव्वळ मजकुराचा. रंग नाहीत, ठळक अक्षरं नाहीत. जुन्या संगणकावर पळतो, शोध चटकन देतो, जाहिरात दाखवत नाही. बाकी कशाबद्दल तक्रार नाही, म्हणून बाकीचं लिहीतही नाही. तक्रार एकच: पाठवताना तो प्रत्येक ओळीच्या ७२व्या रकान्यावर (एक अक्षर म्हणजे एक रकाना) कात्री चालवतो, मग तिथे शब्द असो, लिंक असो की मामांचा पंप असो.

ही कात्री आली कुठून ते शोधलं. १९२८ साली आयबीएमचं पंचकार्ड, म्हणजे माहितीसाठी भोकं पाडायचं कार्ड, ८० रकान्यांचं झालं, पुढे पडदेही ८० रकान्यांचे आले, आणि मेलच्या नियमावलीत ती रुंदी मुरली. आजचं मानक आरएफसी ५३२२, साल २००८ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक लावलेले दस्तऐवज). त्यात एका ओळीत ९९८ पेक्षा जास्त अक्षरं नकोत ही सक्ती आहे आणि ७८ च्या आत ठेवा ही शिफारस. ९९८ अक्षरांच्या पंपाची लिंक मी अजून पाहिलेली नाही. म्हणजे सक्ती लिंकेला नडत नाही, शिफारस नडते. आणि शिफारशीचा मान माझ्या प्रोग्रॅमने ठेवावा, तोही सहा रकाने आधीच?

तर टोकदार कंस. गणितातली लहान-मोठेपणाची दोन चिन्हं, लिंकेच्या डावी-उजवीकडे. ही युक्ती माझी नाही. वेबपत्त्यांचं मानक आहे ना, आरएफसी ३९८६, जानेवारी २००५ चं, त्याच्या परिशिष्टातच ती दिली आहे: पत्ता मजकुरात लिहिताना कंसात घाला, मध्ये ओळ तुटली तर वाचणाऱ्या प्रोग्रॅमने ती मोकळी जागा सोडून देऊन तुकडे जोडावेत. १९९४ च्या जुन्या मानकात तर कंसाच्या आत आधी 'यूआरएल' आणि विसर्गासारखी दोन टिंबं लिहा असंही होतं. ते पुढे गळलं. फुकट, दोन कळांचं काम, कुणाकडे खातं उघडायला नको. मला आणखी काय हवं?

पहिले दोन महिने मी या कंसांचा प्रचारकच झालो होतो. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. घरच्या संगणकावर कंसातली तुटलेली लिंक एकसंध निळी दिसायची आणि दर वेळी बरं वाटायचं. आणखी एक फायदा कळला, जो मराठीत लिहिणाऱ्याला जास्त लागू आहे. आपण लिंक लिहितो आणि तिला चिकटून 'वर' किंवा 'मध्ये' लावतो. बरेच प्रोग्रॅम ते प्रत्ययही पत्त्यात ओढतात आणि लिंक मरते. वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम तसाच. कंस घातले की पत्ता कुठे संपतो याची हद्द ठरते. इथवर कंसांना पाचपैकी पाच.

तिसऱ्या महिन्यात मामांनी नवा फोन घेतला.

फोनमधल्या मेल अॅपला कंसांशी काही देणंघेणं नव्हतं. ओळ तुटली तिथे लिंक तुटली, शिवाय शेवटी एक अनाथ कंस लोंबतोय. परिशिष्टातली गोष्ट ती, पाळायची की नाही ते अॅपवाल्याच्या मर्जीवर. यापुढचा धक्का मोठा होता. एका तक्रार-फॉर्ममध्ये सवयीने लिंक कंसात टाकली, तर तिकडे पोचलेल्या मजकुरात लिंकच नव्हती. तुटलेली नाही, अर्धी नाही, गायब. टोकदार कंसात काही दिसलं की तो वेबपानाचा टॅग, म्हणजे पानाच्या मांडणीची आतली खूण, समजून साफ करणारी यंत्रणा तिथे असणार. मी चार दिवस उत्तराची वाट पाहत बसलो आणि तिकडचा माणूस विचारतोय की आपण कोणत्या पानाबद्दल बोलत आहात. पाचाचे तीन.

मग मूळ रोगाकडे वळलो आणि प्रोग्रॅमच्या सेवाविभागाला लिहिलं. प्रश्न सरळ होता: ७२ ची कात्री बंद कशी करायची? पहिलं उत्तर आलं की आपला अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. दुसरं आलं की लिंक पाठवण्याआधी ती बरोबर आहे याची खात्री करा. तिसऱ्यात मदतीच्या पानाची लिंक होती, आणि ती दोन ओळींत तुटलेली होती. मी हसलो नाही. तुकडे हाताने जोडले, पान उघडलं, सेटिंग सापडलं: रकान्यांच्या जागी शून्य लिहायचं. शून्य म्हणजे कापू नकोस. एवढंच! हे पहिल्या मेलमध्ये लिहायला किती अक्षरं लागली असती? ७२ पेक्षा नक्कीच कमी.

शून्य केल्यावर लिंका माझ्याकडून शाबूत निघू लागल्या, पण प्रत्येक परिच्छेद एकच लांब ओळ होऊन जायला लागला. ऑफिसातल्या एकाच्या पडद्यावर तो उजवीकडे कुठल्या कुठे जायचा आणि तो रोज मला ऐकवायचा. यावरचा सभ्य उपाय म्हणजे 'फॉरमॅट फ्लोड', आरएफसी ३६७६, २००४ सालचा. ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा ठेवली तर ती ओळ पुढच्या ओळीशी जोडायची, नसेल तर तिथेच संपवायची. लांबलचक शब्द असेल, म्हणजे लिंकच, तर ७८ ओलांडली तरी तो न तोडता पाठवायचा. ते सुरू केलं आणि दोन्ही बाजू शांत झाल्या. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यावर काम करणारे मात्र मेलमधून कोड पाठवताना हेच बंद ठेवायला सांगतात, कारण कोडमध्ये मोकळी जागा इकडची तिकडे झालेली चालत नाही. मी कोड पाठवत नाही. पंप पाठवतो.

तरी उत्तरांची साखळी लांबली की गडबड होतेच. प्रत्येक उत्तरात जुन्या ओळीपुढे खूण लागते, ओळ दोन घरं सरकते, आणि समोरच्याचा प्रोग्रॅम पुन्हा मोजून कापतो. आपली कात्री काढता येते, दुसऱ्याच्या हातातली नाही.

आता देवनागरीचं. मराठी नावाच्या पानाचा पत्ता ब्राउझरच्या पट्टीत छान मराठीत दिसतो. उचलून मेलमध्ये टाकला की टक्केचिन्हांचा पूर येतो. कारण देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइटचं, आणि प्रत्येक बाइटला टक्का धरून तीन अक्षरं. म्हणजे एका चिन्हाला नऊ. काना, वेलांटी, हलन्त हेही वेगळे मोजायचे. 'पत्रव्यवहार' या शब्दात अशी अकरा चिन्हं आहेत, म्हणजे नव्याण्णव अक्षरं. साइटचं नाव धरण्याआधीच ७८ ची शिफारस मोडली! नियम करणाऱ्यांना पत्रव्यवहार हा शब्द माहीत असता तर बरं झालं असतं.

शेपूट कापण्याचं शहाणपण मला पाचव्या महिन्यात आलं आणि उशिरा आल्याची लाज वाटते. लिंकेत प्रश्नचिन्हानंतर यूटीएमने सुरू होणारे जे तुकडे असतात ते पानासाठी नसतात, आपण कुठून आलो ते मोजण्यासाठी असतात. फेसबुकवरून उचललेल्या लिंकेला एफबीसीएलआयडीचं शेपूट असतं, तेही तसंच. काढून टाका, पान तेच उघडतं. मात्र प्रश्नचिन्ह दिसलं की पुढचं सगळंच छाटायचं नाही, त्यात पंपाचा क्रमांकही असू शकतो. छाटून झाल्यावर एकदा स्वतः उघडून बघायचं. माझ्या निम्म्याहून जास्त लिंका या एका कामाने ७२ च्या आत आल्या, आणि मी चार महिने कंसांची भक्ती करत बसलो होतो.

छोट्या लिंकांबद्दल विचाराल, तर लांब पत्त्याच्या बदल्यात छोटा पत्ता देणारी टाइनीयूआरएल ही सेवा २००२ पासून फुकट आहे आणि निकडीला मी वापरतो. पण मामा अनोळखी छोटी लिंक दाबत नाहीत, आणि ते मीच त्यांना शिकवलंय. एका दुसऱ्या सेवेचा सशुल्क प्रकार महिनाभर फुकट मिळत होता, तो घेऊन पाहिला. महिना संपताच माझ्या जुन्या लिंकांपुढे जाहिरातीचं पान येऊन बसलं. पैसे भरा, ते जाईल. माझाच पत्ता, आणि त्याच्या दारात यांचा टोलनाका. बंद केलं. शिवाय मधला माणूस उठून गेला तर? गुगलने स्वतःची गू-डॉट-जीएल २००९ मध्ये काढली, २०१९ मध्ये बंद केली, २०२४ मध्ये जाहीर केलं की जुन्या लिंकाही पुढच्या ऑगस्टपासून चालणार नाहीत, आणि मुदत तोंडावर आल्यावर वापरात असलेल्या तेवढ्या राहू दिल्या. एवढ्या मोठ्या घराचं हे, तर बाकीच्यांवर मी जुनी पत्रं कशाला टांगू?

आज आठव्या महिन्यात माझी पद्धत अशी: शेपूट छाटलेली लिंक, स्वतंत्र ओळीवर, आधी-नंतर एक रिकामी ओळ, शेजारी पानाचं नाव आणि क्रमांक शब्दांत, म्हणजे भलतं पान उघडलं तर वाचणाऱ्याला कळेल. कंस अजून घालतो, फॉर्म सोडून. सवय झाली आहे आणि प्रत्ययांपासून वाचवतात. साडेतीन.

जुना पंप माळ्यावर आहे. कुणाला लागत असेल तर क्रमांक पाच आकडी आहे.

परवा मामांचा मेल आला, कुठल्याशा पाणी गाळायच्या यंत्राबद्दल. लिंक वेगळ्या ओळीवर, शेपूट नाही, दोन्ही बाजूंना टोकदार कंस अगदी नीट. उघडली नाही. पाहिलं तर शेवटचा पूर्णविराम त्यांनी कंसाच्या आत दिला होता.