बेळगावच्या खडेबाजारातलं लेस-बटणाचं दुकान: माल झकास, चेन मात्र ओढून बघा

यंदा दिवाळीला घरच्यांना विकतचं काय द्यायचं नाही असं ठरवलं, म्हणून आईची विरलेली इरकल, नवऱ्याच्या दोन जीन्स आणि जुन्या कपड्यांच्या ढिगातनं साठ रुपयाला उचललेला कॉटनचा शर्ट असं सगळं घेऊन बसले आणि सामानासाठी खडेबाजारातल्या एका बोळातल्या दुकानात गेले.

दुकान एवढंसं, दोघं उभे राहिले की तिसऱ्याला जागा नाही. पण काकांना माहिती भारी! माझ्या आधीच्या बाईंशी कन्नडमध्ये बोलत होते, माझ्याकडं वळून लगेच मराठीत, “जीन्सला सोळा नंबरची सुई न्या, चौदानं शिवत बसाल तर मोडतीय बघा.” अकरा नंबरची इरकलीसाठी वेगळी दिली, अस्तर पण आधी भिजवून मगच कापा म्हणाले, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतंय आणि शिवण गोळा होतीय. हे मला आधी कळलं असतं तर पोरीचा मागचा फ्रॉक वाचला असता, असो.

इरकलीचा लाल-पांढरा टोपपदर बरोबर मधी घेऊन उशीचे अभ्रे केले, आई नुसती हात फिरवत बसली. शर्टाचा भाच्याला झबला झाला, जीन्सची बाजाराची पिशवी.

तक्रार एकच, पिशवीची चेन आठ दिवसात दात सोडून बसली. बदलून दिली पण कुरकुरत. युपीआय चालतंय, संध्याकाळी सहानंतर गर्दी लई, गाडी लांब लावून चालतच जावा.