टायरमध्ये हवा भरायचा काँप्रेसर: गाडीतल्या सॉकेटवरचा की थेट बॅटरीला जोडायचा?

जैसलमेरच्या वाळूत उतरताना टायरमधली हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचे एकक) कमी केली, की डांबरी रस्त्यावर परतल्यावर चारही टायर पुन्हा भरावे लागतात. १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा काँप्रेसर स्वस्त आणि हलका असला, तरी सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते १५ अँपिअरचा असल्याने त्याची ताकद मर्यादित राहते आणि मोठे टायर भरताना तो तापून मध्येच थांबवावा लागतो. चिमट्यांनी बॅटरीला जोडायचा काँप्रेसर जड व महाग असतो. पण त्याला जास्त विद्युतप्रवाह मिळत असल्याने तेच काम तो कितीतरी लवकर उरकतो. इंजिन मात्र चालूच ठेवावे. वाळूत वारंवार जाणाऱ्याने, माझ्या मते, बॅटरीला जोडायचाच घ्यावा आणि कमाल पीएसआयपेक्षा मिनिटाला किती लिटर हवा मिळते, हे आधी पाहावे.