फुल साइझ सेदान की छोटी एसयूव्ही? अमेरिकेत आई-बाबांना घेऊन फिरायचंय तर आधी हे वाचा

सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस, आई-बाबा सोबत, भाड्याची गाडी कुठली घेऊ, असं हल्लीच दोघांनी विचारलं म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मी बुक केली होती इंटरमीजिएट, म्हणजे कोरोलाच्या साइझची. काउंटरवाला म्हणाला ती शिल्लक नाही, त्याच पैशात फुल साइझ सेदान देतो. फुकट ते पौष्टिक म्हणून लगेच किल्ली घेतली आणि पुढचे चार दिवस ती पौष्टिकता भोगली.

पहिलं म्हणजे लांबी. आपल्याकडे टॅक्स वाचवायला कंपन्या गाड्या ४ मीटरच्या आत बसवतात, आणि ही जवळजवळ ५ मीटर. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढावर टोकाला पोचलं की समोर नुसतं बॉनेट आणि आभाळ, पलीकडे रस्ता आहे की नाही ते देवाच्या भरवशावर, बाबांनी तर डॅशबोर्डच धरून ठेवला होता. लोम्बार्ड स्ट्रीटवर ८ वळणं आणि ताशी ५ मैलाची लिमिट, तिथे मला तेवढाही स्पीड जमला नाही. पार्किंगचं तर विचारूच नका, उतारावर पुढची चाकं फुटपाथकडे वळवून लावायचा नियम आहे, पण आधी एवढी जागा तर मिळाली पाहिजे ना.

छोटी एसयूव्ही, आरएव्ही४ वगैरे, साधारण ४.६ मीटर. दिसायला मोठी वाटते पण लांबीला कमी, आणि उंच बसल्यामुळे समोरचं नीट दिसतं.

आता डिकी. सेदानची डिकी असते १५-१६ घनफूट, खोल आहे पण तोंड अरुंद, २३ किलोची बॅग उभी जातच नाही. आई-बाबांच्या चार बॅगांपैकी तीन कशाबशा आडव्या कोंबल्या आणि चौथी मागच्या सीटवर, आई आणि बायकोच्या मध्ये, तिसऱ्या पॅसेंजरसारखी. एसयूव्हीत मागच्या सीटच्या पाठी याच्या दुपटीहून जास्त जागा मिळते.

आणि गुडघे! हे कुठल्याच वेबसाइटवर लिहीत नाहीत. सेदानची सीट इतकी खाली की प्रत्येक स्टॉपला आईला विहिरीतून काढल्यासारखं हात धरून बाहेर काढायचो. एसयूव्हीची सीट कमरेच्या लेव्हलला असते, नुसतं टेकायचं आणि वळायचं.

समुद्राकाठच्या हायवे १ वर, बिग सर नावाच्या डोंगराळ भागातल्या वळणांना आमची गाडी बोटीसारखी डुलत होती, सस्पेन्शन एकदम मऊ. बिक्सबी ब्रिज येईपर्यंत आईची आवळासुपारी संपली. छोटी एसयूव्ही पण थोडी डुलते, खोटं कशाला बोलू, पण तिथे निदान बाहेर बघायला मोठी काच असते.

सेदानची बाजू घ्यायची तर एकच मुद्दा दमदार आहे, सामान झाकलेलं राहतं. सॅन फ्रान्सिस्कोत काच फोडून बॅगा पळवायचे प्रकार बरेच होतात, एसयूव्हीत सगळं बाहेरून दिसतं, म्हणजे आधी हॉटेलवर सामान टाका मग फिरा. आणि आय-५ ने, म्हणजे आतल्या बाजूच्या सरळ हायवेने जाणार असाल, दोघंच असाल, तर सेदान मस्त, सोफ्यावर बसून गेल्यासारखं वाटतं.

इंटरमीजिएट सेदान चालवायला सोपी आहे, पण चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा असतील तर विसरा.

बुकिंगच्या मेलमध्ये बऱ्याचदा चार अक्षरी कोड असतो. आयसीएआर म्हणजे इंटरमीजिएट सेदान, एफसीएआर म्हणजे फुल साइझ, आयएफएआर म्हणजे इंटरमीजिएट एसयूव्ही, वर म्हटलेली छोटी एसयूव्ही ती हीच. पहिलं अक्षर साइझ, दुसरं प्रकार, त्यामुळे दुसरं अक्षर एफ आहे ना ते बघा. आणि काउंटरवर अपग्रेड म्हणाले तर नक्की कशात ते विचारा, सही करायच्या आधी चारही बॅगा डिकीत घालून बघा, मागे लाइन लागली तरी लागू दे.