आधी वही, मग पेन

शाईच्या पेनाकडे वळायचं ठरलं की माणसं पेनापासूनच सुरुवात करतात. जपानी घ्यावं की जर्मन, निब बारीक की मध्यम, यावर महिनाभर खल चालतो. डायरी मात्र जानेवारीत कुणी दिलेली असते तीच पुढे ओढली जाते. मीही हेच केलं होतं. दोन हजारांचं पेन घेतलं आणि भेट आलेल्या जाड पुठ्ठ्याच्या डायरीत पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिलं. रेघांना दोन्ही बाजूंनी केस फुटले आणि पान उलटलं तर 2 जानेवारीवर तोच श्री उलटा उमटलेला. पेन परत करायला निघाले होते, पण पेनात काहीच दोष नव्हता.

म्हणून शाईचं पेन कोणतं घ्यावं असं कुणी विचारलं की मी आधी वहीचं बोलते.

दुकानदार सांगेल, ‘कागद 100 जीएसएमचा आहे, शाई फुटणार नाही.’ जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममध्ये वजन, एवढंच. शाई फुटणं न फुटणं ठरतं ते कागदाला दिलेल्या खळीवर. खळ चांगली असेल तर शाई वर टिकते आणि हळूहळू सुकते. खळ कमी असेल तर कागद टीपकागदासारखा शाई ओढून घेतो. याचा सगळ्यात ठळक पुरावा म्हणजे तोमोए रिव्हर हा जपानी कागद. जुन्या हवाई पत्रांसारखा पातळ, फक्त 52 जीएसएम, तरी त्यावर शाई फुटत नाही. पलीकडच्या अक्षरांची सावली दिसते, ती मात्र चालवून घ्यावी लागते.

रोज एक पान लिहिणाऱ्याने हे वजन नीट हिशोबात घ्यावं. ए5 आकाराच्या 366 पानांची, म्हणजे 183 कागदांची वही 100 जीएसएमची असेल तर पुठ्ठा सोडून साधारण 570 ग्रॅम भरते. तीच 52 जीएसएमची केली तर 300 ग्रॅमच्या आत बसते. डबा, छत्री आणि पाण्याच्या बाटलीसोबत खांद्यावर वागवायची असेल तर हा फरक रोज जाणवतो. होबोनिची या जपानी प्लॅनरने रोज एक पान द्यायचं आणि कागद तोमोए रिव्हर वापरायचा ही जोडी जमवली ती उगाच नाही. पण हा कागद शाई सुकायला वेळ घेतो. घाईत पान मिटलं की समोरच्या पानावर डाग पडलाच. टीपकागदाचा तुकडा वहीत ठेवायचा. पावसाळ्यात हवेतच ओल असते तेव्हा तर हवाच.

दुसरी पद्धत आठवड्याची: डावीकडे सात दिवस, उजवीकडे कोरं किंवा रेघांचं पान. लॉयश्टुर्म 1917 या जर्मन वहीत अशी मांडणी मिळते, कागद 80 जीएसएमचा. ज्यांच्या दिवसात तीन-चार ठरलेली कामं असतात, बाकी टिपणं, त्यांना मी हीच सुचवते. रोजच्या पानाच्या वहीत कोरी राहिलेली पानं बघून जीव खट्टू होतो आणि मार्चपर्यंत लिहिणंच थांबतं, हे मी कितीतरी जणांचं पाहिलं आहे. ज्यांना मनातलं लिहायचं आहे, रोजनिशीच ठेवायची आहे, त्यांना मात्र आठवड्याच्या वहीतल्या चार ओळी पुरायच्या नाहीत.

परदेशी प्लॅनरमध्ये चतुर्थी, एकादशी, अमावास्या नसतात. ज्यांचे उपास आणि घरची कार्यं तिथीवर चालतात त्यांना मराठी दैनंदिनीच सोयीची. तिचा कागद शाई पेलेल याची खात्री नसते, तेव्हा विकत घेण्याआधी शेवटच्या पानावर लिहू द्याल का, असं दुकानात विचारावं. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात मला कुणी नाही म्हटलेलं नाही. घरी तारखा नसलेली चांगली वही आणि भिंतीवर कालनिर्णय, हाही उत्तम मार्ग आहे.

एक गोष्ट मराठीत लिहिणाऱ्याने विसरू नये. आपल्या अक्षराला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात. पाच मिलिमीटरच्या चौकटीत इंग्रजी ऐसपैस बसतं. ‘पूर्तीनंतर’ लिहून पाहा, वरचा रफार आदल्या ओळीच्या उकाराला जाऊन भिडतो. सात-आठ मिलिमीटरची रेघ हवी. शिवाय आपण शब्द लिहून झाल्यावर शिरोरेषा ओढतो, म्हणजे ओल्या अक्षरांवरून निब पुन्हा फिरते. त्या सांध्यांवर कागद दोनदा भिजतो आणि शाई फुटायला लागते ती तिथेच.

यावरूनच निब ठरते. मध्यम निबेने लहान अक्षर काढलं की ‘ध’ची गाठ भरून जाते, ‘भ’ आणि ‘म’ एकमेकांसारखे दिसतात, ‘ष्ट्र’चा तर गोळाच होतो. रोजच्या मराठी लिखाणाला माझं मत बारीक निबेला. जपानी ‘फाइन’ युरोपीय ‘फाइन’पेक्षा बारीक असते, लॅमी या जर्मन कंपनीची फाइन साधारण जपानी मध्यमच्या जवळ जाते.

पहिलंच पेन असेल तर प्लॅटिनम प्रेपी हे जपानी पेन. प्लॅस्टिकचं, हलकं, इथे उल्लेख केलेल्या परदेशी पेनांत सर्वांत स्वस्त. त्याच्या टोपणात आतून घट्ट बसणारी आणखी एक टोपी असते, त्यामुळे आठवडेच्या आठवडे उघडलं नाही तरी निब सुकत नाही. ज्यांचं लिहिणं रोज होईलच असं नाही, त्यांच्यासाठी हा गुण बाकी सगळ्यांपेक्षा मोठा. 03 ची, म्हणजे बारीक निब घ्यावी. त्याहून बारीक 02 खरखरीत कागदावर ओरखडते.

पायलट मेट्रोपॉलिटन पितळी, त्यामुळे जड, पण निब गुळगुळीत. खिशाला लावून मीटिंगला न्यायला छान दिसतं. लॅमी सफारी 1980 पासून आहे. तिची बोटं ठेवायची जागा त्रिकोणी असते. ती पकड ज्यांना जमते त्यांना दुसरं पेन नको वाटतं, ज्यांना जमत नाही त्यांची बोटं दुखतात. हातात धरून दहा ओळी लिहिल्याशिवाय सफारी घेऊ नये. तिची निब घरी बदलता येते, आणि शाई किती उरली ते बाजूच्या खिडकीतून दिसतं.

या तिन्हींच्या कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे शाई ओढून घेणाऱ्या आतल्या छोट्या नळीत, शाई एक मिलिलिटर किंवा त्याहून कमी मावते. रोज सहा-सात पानं लिहिणाऱ्याने ड्रॉपरने भरायचं आपलं भारतीय एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं पेन पाहावं, जसं आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या रत्नम यांचं. पेनाची अख्खी नळीच शाईने भरते. एकच पथ्य आहे. शाई तळाशी गेली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि कागदावर थेंब पडतो. पाव भाग उरला की भरून टाकायचं. गर्दीच्या लोकलमध्ये मात्र हे पेन मी नेणार नाही.

शाईत फार गुंतू नका. कॅमलिनची रॉयल ब्लू पाण्याने सहज धुऊन निघते, रोजच्या टिपणांना ती उत्तम. ज्यावर सही करायची किंवा जे वीस वर्षं जपायचं, ते न पुसणाऱ्या शाईने लिहावं.

तर ज्याला आज निवड करायची आहे त्याने आठवड्याची 80 जीएसएमची वही आणि 03 चं प्रेपी घ्यावं. ‘राष्ट्रभाषा’ लिहावं, शिरोरेषा ओढावी, दहा सेकंदांनी अंगठा फिरवावा आणि पान उलटून पाहावं. मागे काही उमटलं नसेल, तर पेनावर आणखी पैसे घालायचे की नाही ते सहा महिन्यांनी ठरवता येईल.